बाहेर काही न सांगणारं घर

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी निपाणीत बँकेच्या रांगेत उभी होते. फोन भावजयीचा, सुनंदाचा. "आक्का, हे उठंनात..." एवढं बोलून तिनं फोन शेजारणीकडं दिला. शेजारीण म्हणाली, तुम्ही निघा, बेळगावला या. मी निघाले. बस महामार्गावरून नेहमीसारखीच पळत होती, शेजारची बाई मोबाइलवर मोठ्या आवाजात कसलेतरी व्हिडिओ बघत होती, आणि मला तिचा इतका राग येत होता की रडूच येईना. बेळगावातल्या अनगोळच्या घरी पोचले तोवर माझ्या धाकट्या भावाला वरच्या खोलीतून खाली आणून हॉलमध्ये निजवलं होतं. माणसं जमत होती. खोली तापली तसा छताचा पंखा आपोआप गरगरायला लागला आणि उशाशी लावलेल्या मेणबत्त्या विझायला लागल्या. "अरे, तो पंखा बंद करा की कुणीतरी," कुणी म्हणालं. चौघांनी भिंती चाचपल्या. बटण सापडेना, कारण त्या पंख्याला बटणच नव्हतं. खोली किती तापली हे ओळखून तो स्वतःच फिरायचा आणि स्वतःच थांबायचा. त्याला मधेच कसं थांबवायचं हे ठाऊक असलेला एकमेव माणूस त्याच्याखाली डोळे मिटून पडला होता.

मिलिंदसाठी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, आणि पानं उचलायच्या आत आमच्या एका चुलतभावानं तोंड उघडलंच. "पोरीनं आणलेलं घड्याळ हातात घातलं असतं तर वाचला असता गडी. इंजिनिअर असून काय उपयोग..." आजूबाजूच्या माना हलल्या. मी पानं उचलायला लागले. पण ते वाक्य तेव्हापासून डोक्यात कुसळासारखं टोचत राहिलंय. आता काही आठवडे झाले. ज्याला लोकांनी जिवंतपणी 'हेकट' म्हटलं आणि मेल्यावर 'हेकटपणानं मेला' म्हटलं, तो माणूस असा का होता, हे एकदा सांगायला हवं असं वाटतं.

आमचं बालपण निपाणीतलं. वडील तंबाखूच्या वखारीत हमाली करायचे, आई घरी विड्या वळायची. मिलिंद शाळेत असल्यापासून बंद पडलेले रेडिओ उघडायचा. वस्तीतले लोक आणून द्यायचे, हा ते मांडीवर घेऊन बसायचा, आणि तंबाखूच्या धुळीनं शिंकत शिंकत चालू करून द्यायचा. डिप्लोमा झाला, उद्यमबागेतल्या एका कारखान्यात नोकरी लागली, आणि बेळगावात खोली बघायची वेळ आली. मी तेव्हा नुकतीच शाळेत शिक्षिका झाले होते, त्याच्याबरोबर गेले होते. एक खोली दोघांनाही आवडली. घरमालक चांगला वाटला, चहा झाला, नळाला पाणी कधी येतं तेसुद्धा सांगून झालं. उठताना त्यानं सहज विचारलं, "पूर्ण नाव काय म्हणालात?" मिलिंदनं सांगितलं. आडनाव ऐकल्यावर त्याचा चेहरा बदलला नाही, आवाजसुद्धा बदलला नाही. "बरं बरं. घरात इचारतो अन् उद्या कळवतो," म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्या खोलीत त्याचे पाहुणे राहायला येणार होते. मला संताप आला होता, मी बसस्थानकावर बडबडत होते. मिलिंद शांत होता. बस लागल्यावर म्हणाला, "आक्का, त्यानं नाव मागितलं अन् म्या देऊन टाकलं. कशाला पायजे म्हणून इचारलं न्हाय."

त्यानंतर आयुष्यभर तो तेवढंच विचारत राहिला. दुकानात चपला घेतल्या आणि बिलासाठी मोबाइल नंबर मागितला, की हा म्हणायचा, "चपलेला फोन करणार हाय काय?" मोबाइलवर विजेरीचं ॲप घेताना ते फोनमधली सगळी नावं-नंबर मागतं हे त्यानं मला दाखवलं तेव्हा मी हसले होते. तो हसला नाही. "उजेड पाडायला तुझ्या मैतरणींची नावं कशाला लागत्यात सांग की." आम्ही कधी कोल्हापूरला निघालो आणि कोगनोळीचा नाका ओलांडला, की फोन वाजायचा, महाराष्ट्रात आपलं स्वागत आहे म्हणून. लोकांना ते कौतुकाचं वाटतं. मिलिंद म्हणायचा, "बघ, आपुन हद्द वलांडली ते आपल्या आदी ह्याला कळतंय. आता ह्यो कुणाकुणाला सांगतोय ते तुला ठावं हाय?" मला ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला जाणूनही घ्यायचं नव्हतं, मला खिडकीतून बाहेर बघायचं होतं. पण त्याला थांबवता येत नसे.

अनगोळला त्यानं स्वतःचं घर बांधलं आणि त्या घराला हळूहळू त्याचा छंद चढला. बोटभर आकाराच्या हिरव्या पट्ट्या, त्यांना चिकटवलेल्या तारा, कोपऱ्याकोपऱ्यात बसवलेले बारके डोळे. माणूस जवळ आला की दिवा लागायचा, टाकी भरली की मोटर थांबायची, अंधार पडला की अंगणातला दिवा, पाऊस आला की गच्चीवरच्या दोरीजवळची घंटा. बाजारात अशी यंत्रं तयार मिळतात हे त्याला माहीत होतं. पण ती प्रत्येक गोष्ट आधी कंपनीला सांगतात आणि मग दिवा लावतात, यावर त्याचा राग. "माझ्या संडासातला दिवा लावायला परदेशातली परवानगी कशाला?" त्याच्या घरातलं सगळं वरच्या खोलीतल्या एका जुन्या संगणकाशी बोलायचं. त्या संगणकाची बाहेरच्या जगाशी जोडणीच नव्हती. "माझं घर बाहेर काय सांगत न्हाय," हे तो ज्या अभिमानानं म्हणायचा, तसा अभिमान त्याला पगारवाढीचाही झाला नसेल.

आणि तरी, त्या घरात राहणं म्हणजे... सुनंदालाच विचारावं. फोडणी जळायला लागावी आणि स्वयंपाकघरात एकदम अंधार व्हावा, कारण ती कढईपुढं फार वेळ न हलता उभी होती आणि खोलीत कुणी नाही असं यंत्राला वाटलं. ती तिथूनच ओरडायची, "अवो, मी जित्ती हाय म्हणून सांगा की तुमच्या मशीनला!" मिलिंद वरून धावत यायचा, माफी मागायचा, आणि दुरुस्त करताना दुसरं काहीतरी बिघडवायचा. मी एकदा त्याला स्पष्ट म्हटलं, "हे कुणाला तरी शिकवून ठेव. कुठली तार कुठं जाते ते तुझ्याशिवाय कुणाला माहिती आहे?" तो म्हणाला, "शिकवतो की. जरा काम राह्यलंय, तेवढं झालं की सुनंदाला दावतो." ते जरा काम कधीच संपलं नाही. मला त्याचा आजही राग येतो तो याचा. परक्यापासून घर झाकताना त्यानं ते घरच्यांपासूनही झाकून ठेवलं.

पण तो वेडा नव्हता. आईला शेवटी मधुमेह निघाला तेव्हा रक्त तपासणीचं सगळं एका ॲपवरून झालं. घरी येऊन रक्त नेलं, निकाल फोनवर आला, आम्ही खूश. दोन-चार दिवसांत आईच्या फोनवर फोन यायला लागले. साखर मुळापासून घालवणारी पावडर. पायाच्या जखमांवर तेल. एका मुलीनं तर "आजी, तुमची साखर फार वाढलीय, उशीर करू नका," असं सांगून आईला रडवलं. आईनं दोन दिवस जेवण टाकलं. मिलिंद त्या तपासणी केंद्रात गेला, मीही बरोबर होते. काउंटरवरच्या बाईनं "येनु बेकु, सर?" म्हणून काय हवं ते विचारलं. तो तिच्याशी आधी कानडीत, मग आतल्या साहेबाशी इंग्रजीत, आणि शेवटी आवाज चढल्यावर मराठीत बोलला. "माझ्या आईची साखर किती, ह्ये त्या पोरीला कुणी सांगितलं?" साहेब अगदी नम्र होता. आमच्याकडून काही गेलेलं नाही, म्हणाला. आणि गेलंच असेल तर ॲप घेताना तुम्हीच 'मान्य आहे' दाबलंय. दाबलं होतं सुनंदानं, आई तापानं फणफणत असताना. मिलिंदनं तक्रार दिली, पुन्हा दिली, हेलपाटे घातले. कुठूनच काही उत्तर आलं नाही. आई पुढल्या वर्षी गेली. पावडरवाल्यांचे फोन त्यानंतरही येत राहिले.

त्या रागातून त्यानं आमच्या निपाणीच्या विहारात एका रविवारी सकाळी लोकांना बोलावलं. फोन कसा वापरावा, कशाला नाही म्हणावं, हे सांगायला. तयारी एवढी केली होती, की मोठ्या कागदांवर चित्रं काढून आणली होती. आली मोजकीच माणसं. पुढं बसलेल्या एका म्हाताऱ्या मावशी म्हणाल्या, "माझ्या फोनमधी काय हाय बाबा लपवायला? नातवाचं फोटू अन् भीमाची गाणी." मिलिंदनं विचारलं, "मावशी, तुमच्या घराला दार हाय न्हवं? आत सोनं भरलंय म्हणून लावता व्हय?" मावशी खळखळून हसल्या. "न्हाय बाबा. आपलं घर हाय म्हणून लावतो." त्याचा चेहरा असा उजळला... मला वाटलं, पोचलं. लगेच मावशींनी फोन पुढं केला, "बरं, ह्ये फोटू लवकर उघडंनात, तेवढं बघ जरा." मग सगळ्यांनीच आपापले फोन पुढं केले. दुपारपर्यंत तो तिथं बसून फोन दुरुस्त करत होता. चित्रांचे कागद गुंडाळलेलेच राहिले.

आता त्या घड्याळाबद्दल. प्रज्ञा, त्याची मुलगी, पुण्यात नोकरी करते. बापाला एकदा छातीत कळ येऊन गेली तेव्हा ती घाबरली आणि चांगल्यातलं घड्याळ घेऊन आली. माणूस पडला की ते आपणहून घरच्यांना फोन करतं. मिलिंदनं ते खोक्यातून काढलं, त्याच्या अटी शेवटपर्यंत वाचल्या आणि परत खोक्यात ठेवलं. दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. "बाबा, तुमच्या हृदयाचे ठोके कुणी चोरून काय करणार आहे?" "विमावाले काय करतील ते तुला कळतंय का? उद्या तुलाच इचारतील, बापाला काय होतं म्हणून." "मला तुम्ही हवे आहात. बाकी कुणाला काय कळतं याच्याशी मला काही देणं नाही." यावर त्यानं खोक्याचं झाकण नीट लावलं. मग म्हणाला, "मी करतो की तसलंच. फकस्त तुला अन् तुझ्या आईला सांगंल असलं."

आणि तो ते खरोखरच करत होता. त्या सकाळी सुनंदा भाजी आणायला गेली होती, हा वरच्या खोलीत टेबलाशी बसला होता. ती परत आली, हाक मारली, उत्तर नाही. तो टेबलावर डोकं टेकून होता, आणि समोर मनगटाचा पट्टा आणि त्याला अर्धवट जोडलेली तार. मी डॉक्टरांना नंतर भेटून विचारलं, घड्याळ असतं तर? ते म्हणाले, "बाई, सांगता येत नाही. कदाचित. कदाचित नाहीही." चुलतभावाला हे सांगून उपयोग नाही, त्याला कळलेलं आहे. मला कळलेलं नाही. कधी मला वाटतं, मिल्या, घालायचं होतंस रे ते मुकाट्यानं. कधी वाटतं, जिवाच्या बदल्यात सगळं उघडं करून द्या, असा सौदा माणसापुढं ठेवणाऱ्यांना कुणीच का काही विचारत नाही? जाब मेलेल्याला विचारायचा, हे सोपं आहे.

तो गेल्यावर पंधरवड्यातच एकदा वीज गेली आणि आली, पण घर उठलं नाही. वरचा संगणक पासवर्ड मागत बसला. मोटर चालेना, हॉलचे दिवे लागेनात. प्रज्ञानं तिच्या एका हुशार सहकाऱ्याला आणलं. त्यानं दिवसभर खटपट केली आणि शेवटी हात जोडले. म्हणाला, काम फार सुंदर केलंय, पण हे ज्यानं केलं त्यालाच कळेल. मग वायरमन आला. मी म्हटलं, थोडं थांबा, कुणीतरी सापडेल. सुनंदा मला कधी उलटून बोलली नव्हती, त्या दिवशी बोलली. "आक्का, तुम्ही उद्या निपाणीला जाणार. ह्या घरात मला एकटीला ऱ्हायाचंय. मला बटण पायजे. दाबलं की लागणारं, दाबलं की इझणारं बटण." तिचं बरोबर होतं. वायरमननं ते सगळे बारके डोळे, पट्ट्या, तारा उपटून एका पोत्यात भरल्या. भिंतींना भोकं राहिली. आणि आई एकटी असते म्हणून प्रज्ञानं हॉलमध्ये कंपनीचा कॅमेरा बसवला. पुण्यात बसून तिला आई दिसते, बोलता येतं. पोरीची काळजी खोटी नाही. एका बापाला ती मुकली आहे. मी त्या कॅमेऱ्याच्या निळ्या ठिपक्याकडं पाठ करून बसले. ज्या घरानं बाहेर कधी काही सांगितलं नाही, ते आता दिवसरात्र सांगत होतं.

मागच्या आठवड्यात अनगोळला गेले होते. दुपारी सुनंदा आणि मी हॉलमध्येच ताटं घेऊन बसलो. फळीवरच्या कॅमेऱ्यावर मिलिंदचा एक जुना चौकड्यांचा शर्ट टाकलेला होता, तारा सोल्डर करताना उडालेल्या ठिणग्यांनी खिशाजवळ बारीक बारीक भोकं पडलेला. मला वाटलं, वाळत घातला असेल. तेवढ्यात प्रज्ञाचा फोन आला.

"आई, कॅमेऱ्यात काहीच दिसत नाहीये गं. नुसतं काळं."

"व्हय? लाईट गेल्या असतील बघ," सुनंदा म्हणाली. समोर टीव्ही चालू होता. तिनं रिमोट घेऊन त्याचा आवाज तेवढा बंद केला.

फोन ठेवल्यावर तिनं माझ्याकडं बघितलं नाही. भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाली, "जेवताना कुणी बघत बसलं की मला घास जाईना ओ आक्का." मग हात पुसून उठली, आणि कॅमेऱ्यावरून जरा घसरलेल्या शर्टाची कॉलर सारखी केली.