शांताक्कांच्या कडू गोळ्या

शांताक्का गेल्याचं राजेश्वर गावाहून आलेल्या त्यांच्या भाचीनं सांगितलं, तेव्हा मी अंगणात मिरच्या वाळत घालत होते. त्याला महिना होत आला. आज कुठं लिहिण्याइतकं मन थाऱ्यावर आलंय.

शांताक्का आमच्या हुलसूर भागातल्या सरकारी नर्सबाई. म्हैसूर राज्याचं नाव कर्नाटक होऊन दोनेक वर्षं झाली असतील, गावोगाव हिवताप पुन्हा पसरला होता. मला सातवा महिना. दिवसाआड दुपारी हुडहुडी भरायची, दोन गोधड्यांखालीही दात वाजायचे, मग घाम फुटून ताप उतरायचा. सासूबाई म्हणायच्या, अशा दिवसांत अंग तापतंच. अक्का आल्या तेव्हा सासूबाईंनी त्यांना ओसरीवरच थांबवलं. अक्का बौद्ध घरातल्या. आम्ही लिंगायत, जातपात न मानणारी वचनं घरात रोज म्हणणारे, तरीही... अक्कांनी तिथंच पिशवी उघडली. मला ओसरीवर बोलावून बोट टोचलं, थेंबभर रक्त काचेवर घेतलं आणि तपासणीची वाट न बघता गोळ्या काढल्या. सासूबाई आडव्या आल्या. "असल्या गरम गोळ्यांनी पोट पडंल."

"अव्वा, गोळ्यांनी न्हाई, तापानं पडंल," अक्का शांतपणे म्हणाल्या. "हिचं रक्त आटायलंय. पोटातल्या लेकराला मिळायचं ते मिळंना झालंय."

त्या कडू गोळ्या मला गिळायला लावूनच त्या उठल्या. पुढचे दोन दिवसही चालत आल्या. ताप गेला, पण लेकराच्या वाढीचे दिवस त्यानं खाल्ले होते. लेक दिवस भरायच्या आधीच आली. वीतभर जीव, रडायचंही बळ नाही. मला तर उठवत नव्हतं. अक्का ओसरी ओलांडून सरळ आत आल्या, पदराखाली तिला आपल्या उघड्या छातीशी धरून ऊब देत बसल्या. माझं दूध काढून चमच्यानं थेंब थेंब पाजलं. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. संध्याकाळी त्यांनीच हात पुढे केले. "कसं धरायचं, दाव मला."

कित्येक दिवस दोघींनी आळीपाळीनं तिला छातीशी धरलं. लेक जगली. यंदा दहावीला आहे.

आता शेजारपाजारची गरोदर सून भेटली की माझा हात आपसूक तिच्या डोळ्याखाली जातो. पापणी जरा ओढून आतला रंग बघते, रक्त कमी असलं की तो फिका पडतो; थंडी वाजून ताप येतो का विचारते. अक्का सगळ्या बायांना असंच बघायच्या. परवा एकीची पापणी आतून पांढरीफटक दिसली... चपला घातल्या आणि तिला घेऊन दवाखान्यात गेले.