एका फायलीची सुपारी

शिंदखेड्याच्या सासऱ्यांसाठी मी एक प्रोग्राम केला होता. कोणत्या वावराला ठिबकचं पाणी कधी सोडायचं, ते तो सांगायचा. त्याच्या चाळीस फायली होत्या. मेव्हण्याने पेनड्राइव्हवर नुसता आयकॉन नेला, प्रोग्राम उघडलाच नाही आणि सासरवाडीत माझं हसं झालं. म्हणून महिनाभर खपून मी सगळं एकाच फायलीत कोंबलं आणि स्वतः घेऊन गेलो. जावयाची अब्रू आता त्या एका फायलीवर होती.

सासऱ्यांनी पडद्याकडे पाहिलं. "एकच शे? शुभ कामले एकटी वस्तू कोन देस, पाव्हना?"

चाळिसांची एक करणाऱ्या मी निमूटपणे जोडीला दुसरी, रिकामी फाईल केली आणि तिला 'सुपारी' नाव दिलं. सासऱ्यांनी तीच आधी उघडली. कोरं पान आलं.

"आबा, ती नुसती सुपारी आहे."

"मंग पहिला मान तिनाच ना!" म्हणत त्यांनी पडद्याला कुंकू लावलं. मग खरी फाईल उघडली आणि ती चक्क चालली. माझा जीव भांड्यात पडला.

आठवड्याने मेव्हण्याने तो प्रोग्राम आपल्या धुळ्याच्या घरी नेला. संध्याकाळी त्याचा फोन आला, "दाजी, नुसतं कोरं पान दिसतंय."

त्याने फक्त सुपारी नेली होती.