अनंताची रांग आणि आबांचा अर्धा टँकर

दुष्काळात विहिरीत काही साठत नाही. किस्से मात्र आमच्या दूध सोसायटीच्या ओट्यावर गुडघाभर साठतात! टँकरची वाट बघायची आणि काळीज धडधडू नये म्हणून वाद घालायचा, दुसरं काम काय? वादाचे मालक देशमाने सर, हायस्कुलात गणिताला. त्या साली त्यांची लेक बाळंतपणाला आलेली. घरात ओली बाळंतीण आणि रांजण कोरडा. त्यामुळं सर एक डोळा रस्त्यावर ठेवूनच अनंतावर बोलायचे.

*

सोसायटीचे चेअरमन आबा. त्यांनी तोडगा काढला: सम नंबरच्या सभासदांना आज पाणी, विषमवाल्यांना उद्या.

सर म्हणाले, "आबा, गंमत बघा. संख्या अनंत असल्या, की सम संख्या एकूण संख्यांइतक्याच भरतात! एकाला दोन, दोनाला चार, तिनाला सहा, अशी जोडी लावत जा. कुणी उरत नाही."

आबांनी लगेच तहसीलला फोन लावला. "साहेब, अर्धाच टँकर पाठवा. सगळ्यांना पुरतोय, गणितात बसलंय!"

फोन हिसकावून घेताना सरांचा चष्मा फुटला.

*

आमच्याकडं रांगेत माणूस थांबत नाही, हंडा थांबतो. हंडा ठेवला की नंबर पक्का, घरी जाऊन भाकरी थापा. मेंढरं राखणाऱ्या शांताकाकूंच्या हंड्यामागंच सरांनी सकाळी आपला लावला. दुपारी बघतात तर मधी घागरी, कळश्या, तेलाचे डबे! सरांचा हंडा ढकलत ढकलत पार मारुतीच्या पाराशी गेलेला.

सर घामाघूम. "दोन अपूर्णांकांच्या मधी कायम तिसरा मावतो, हे खरंय. पण दोन हंड्यांच्या मधी?"

"मावतंय की," काकू म्हणाल्या. "भांडं लहान आनायचं!"

दुसऱ्या दिवशी मधी कुणीतरी फुलपात्र ठेवलं होतं. आईशप्पथ!

*

एकदा टँकर रस्ताभर गळत आला. सर सगळ्यांत मागं, तोंड सुकलेलं. तरी गप्प बसवेना.

"रांग अनंत असती, तर प्रत्येकानं एकेक जागा मागं सरकायचं. पुढं जागा मोकळी होते, कुणाचंच काही जात नाही."

पहिल्या नंबरच्या शांताकाकू ओरडल्या, "मंग सरका की बायांनो! लेकरू हाय सरांच्या घरी."

कुणी हललं नाही. पाइप आत्ता कुठं सोडला, तर धार करंगळीएवढी.

"नका, काकू," सर म्हणाले. "आपली रांग संपते. शेवटच्याला पाणी राहणार नाही."

काकू आपला रिकामा हंडा उचलून शेवटाला आल्या. सरांचा हंडा काढून त्यांच्या हातात दिला, आपला तिथं टेकवला.

"जा पुढं. संपती तिथं मी हाय."