धुळीची ॲलर्जी

तीन वर्षं मी बेंगळुरूतल्या एका कॉलेजच्या मुलींच्या हॉस्टेलची वॉर्डन होते. सकाळी इतिहास शिकवायचा, दुपारी जातिभेदाच्या इतिहासावरचं माझं संशोधन, संध्याकाळी गीझर, मेसची इडली आणि खोल्यांच्या तक्रारी.

जुलैत एक मुलगी खोली बदलून मागायला आली. कारण सांगेना. मग म्हणाली, "मॅम, आमच्या घरी चालत नाही." तिची रूममेट बेळगावकडची, दलित, माझ्याच वर्गातली. सगळ्या बेंगळुरूत माझ्याशी मराठीत बोलणारी एकुलती एक विद्यार्थिनी.

तक्रार करणारीला मी झापलं. संध्याकाळी तिच्या वडिलांचा फोन आला. मॅनेजमेंटमध्ये आपली ओळख आहे, हे त्यांनी फार गोडीनं सांगितलं. मी खोली बदलून दिली. रजिस्टरात कारणाचा रकाना असतो. त्यात लिहिलं : धुळीची ॲलर्जी.

मागे राहणाऱ्या मुलीचीही सही लागते. बेळगावची आली, तिनं रकाना वाचला.

"मॅडम, खोलीत धूळ आहे म्हणे. मी तर रोज झाडतो की."

"सही कर गं. एकटीला खोली मिळाली, वाईट काय त्यात?"

"एकटं पडायची सवय हाय आम्हाला. त्यासाठी शिकायला कशाला यायचं?" ती हसली. "ते खोडून खरं लिवा. मग करतो सही."

"चौकशी लागेल. तुलाच चार लोक प्रश्न विचारतील."

"विचारू देत. कागदात नसलं की झालंच नाही म्हणायला लोक मोकळे, असं तुम्हीच शिकवताय."

मी म्हटलं, बघते. आठवडाभर बघतच राहिले.

तिनं सही केली नाही. शनिवारी ती जे. पी. नगरला पेइंग गेस्ट म्हणून राहायला गेली. तिथून कॉलेजला दोन बस. जाताना ऑफिसात हॉस्टेल सोडण्याचं पत्र दिलं. चार ओळींत सगळं खरं, मी रजिस्टरात काय लिहिलं तेही. पत्रासोबत मला ऑफिसचा फॉर्म भरायचा होता. क्लार्कचा फोन आला. "मॅडम, ते पत्र राहू दे. फॉर्मवर 'वैयक्तिक कारण' लिहा, सरी?"

"सरी," मीही त्याच्याच कन्नडमध्ये 'बरं' म्हणाले, आणि तसंच लिहिलं.

ती अजून माझ्या तासाला येते. पहिल्या बाकावर बसते, मी सांगते ते उतरवून घेते. प्रश्न मात्र एकही विचारत नाही.