हाताखालचा प्रश्न

माझी मावशी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला. पाणी कुठल्या टाकीतलं आहे ते कळल्याशिवाय आकडा लिहायचा नाही, हा तिचा तिथला नियम. संध्याकाळी ती घरी येईपर्यंत जेवणाच्या टेबलाभोवती तिच्या शिकवणीच्या आम्ही सात मुली वह्या उघडून बसलेल्या असायचो. रसायनशास्त्राची गणितं सगळ्यांनाच जड जायची, पण मी त्यात दोनदा नापास झाले होते. नर्सिंगची जागा माझ्यासाठी राखून ठेवली होती, फक्त हा एक विषय सुटायचा होता. ही तिसरी संधी शेवटची.

मावशीची पद्धत चीड आणणारी होती. प्रश्न समोर आला की ती आकड्यांवर सरळ तळहात ठेवायची.

"आकडे राहू देत. झालं काय ते सांग."

पहिल्याच दिवशी मी तिचा हात बाजूला सारला. दहा ग्रॅम हायड्रोजन, बत्तीस ग्रॅम ऑक्सिजन, पाणी किती? मी फटकन म्हणाले, "बेचाळीस!"

"वा! बेरीज छान येते हो तुला," मावशी म्हणाली. "अगं बाई, ऑक्सिजन आधी संपला, तर उरलेल्या हायड्रोजनने पाणी कशाचं करायचं?"

टेबलाभोवती खसखस पिकली. माझं डोकं फिरलं, पण पुन्हा मांडल्यावर पाणी छत्तीस ग्रॅम आलं आणि सहा ग्रॅम हायड्रोजन नुसताच उरला. तेव्हापासून मी तो हात मुकाट्याने सहन केला.

परीक्षेत चौथाच प्रश्न अंगावर आला. पन्नास ग्रॅम चुनखडी, शुद्धता ऐंशी टक्के. ती पूर्ण तापवली, तर कार्बन डायऑक्साइड किती? पन्नासवर तुटून पडायला माझा हात नुसता शिवशिवत होता. तोच हात मी आकड्यांवर दाबून ठेवला. काय झालं? मळकी चुनखडी तापवली, वायू निघाला. पण मळातून कसला डोंबलाचा वायू निघणार?

"हाताखाली काय आहे?" पर्यवेक्षक अगदी डोक्यावर उभे.

"प्रश्न आहे, सर."

"उचल हात."

उचलला. त्यांनी कागद उलटापालटा केला, माझा तळवाही निरखला आणि पुटपुटत पुढे गेले. एरवी मी रडले असते, त्या दिवशी हसू आवरेना. चाळीस ग्रॅम धरून गणित मांडलं आणि १७.६ ग्रॅम लिहून मोकळी झाले.

निकाल लागला तशी थेट प्रयोगशाळेत धावले. मावशी बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. गुणपत्रिका पुढे केली, तर बाईंनी गुणांवर तळहात ठेवला.

"आकडे राहू देत. झालं काय ते सांग."

"मावशी, मी नर्स होणार."

तिने तो हात उचललाच नाही. डोळे दुसऱ्या हाताने पुसले.