गोफण्याचा रिकामा फुगा

दुपारची भाकरी पोटात गेली की ईश्वरातात्या सुतार अर्धा तास आडवा होतो. झोपतो म्हणायचं नाही हां, चिडतो म्हातारा. "डोळं मिटून इचार कराय लागलोय," म्हणतो, आणि घोरतो.

आजचा विचार मात्र खरा आहे. उशाला मुंबईच्या एका स्टुडिओचे कागद पडलेत. चार वाजता स्टुडिओची मॅडम येणार आणि सही घेऊन जाणार. पिक्चर निघणार आहे. गोफण्याचा.

गोफण्या कोण ते आधी सांगतो, नाहीतर म्हणाल, म्हातारा तळमळतोय कशाला. चाळीस वर्षांमागं कोल्हापूरच्या एस्टी स्टँडवर चित्रांची बारकी पुस्तकं मिळायची. त्यातला हा गोफण्या. राखणीवरचा गडी, डोक्याला मुंडासं, हातात गोफण, आणि नेम असा की उडत्या माशीचं थोबाड फोडील. चित्रं काढायची ईश्वरानं, गोष्ट लिहायची नेमिनाथ मगदुमानं. आणि गोफण्याची खूण एकच. पुस्तकात पाटील बोलायचा, चोर बोलायचा, म्हैससुद्धा बोलायची. पण गोफण्याच्या तोंडातनं निघालेला बोलण्याचा फुगा कोरा. तोंड उघडलंय, हात वर केलाय, गडी तावातावानं बोलतोय, आणि फुग्यात एक अक्षर नाही. तिथं पोरं पेन्सिलीनं लिहायची. ज्याचं पुस्तक, त्याचा गोफण्या. अशी सेहेचाळीस पुस्तकं निघाली.

स्टुडिओच्या कागदात गोफण्याचं पार रूप पालटलंय. गोफणीतनं वीज निघते. दंड फुगवलेत. मोबाईलवर त्याचा गेम निघणार आहे. आणि नवव्या कलमात लिहिलंय, नायकाच्या तोंडी काय घालायचं ते स्टुडिओ ठरवणार. मॅडम फोनवर म्हणालेली, "तात्या, एवढा मोठा हिरो घेतलाय, आणि तो बोलणारच नाही? ट्रेलर कशाचा कापायचा मग?"

तात्याला आधी राग आला. मग रागाच्या मागनं दुसरंच काहीतरी आलं, ते त्यानं घरात कुणाला सांगितलं नाही. त्याला वाटलं, बरंच झालं की. गोफण्या बोलला तर एक जुनं पाप फिटेल.

डोक्यावरचा पंखा जुना आहे. खट-कट, खट-कट. तात्या मोजतोय. खट-कट, खट-कट. आता त्याला शाईचा वास येतोय, रॉकेलचा येतोय, आणि पंखा काही वर राहिलेला नाही. तो समोर उभा आहे आणि कागद गिळून कागद ओकतोय.

लक्ष्मीपुरीतला छापखाना. कागदाच्या गठ्ठ्यावर नेमू मगदूम बसलाय. पांढरा लेंगा, सदरा, आणि जीभ जांभळीगार. नेमूला शाईच्या पेन्सिलीनं लिहायची सवय, ती पेन्सिल जिभेवर ओली केली की जांभळी उठायची. अख्ख्या जन्मात ह्या माणसाची जीभ कुणी लाल बघितली नाही.

"ये मर्दा," नेमू म्हणतो. "पाय पुसून ये. कागद मळतील."

तात्या पाय पुसतो. मग त्याला आठवतं.

"नेम्या, तू मेलायस की."

"व्हय. सा वर्सं झाली. म्हणून काम ऱ्हातंय व्हय?"

"मी सोता तुझ्यासंगं सरणावर पेन्सिल ठेवली."

"घावली. टोक मोडलं हुतं. दाखवायला तरी एक चांगली ठेवायची न्हाईस?"

तात्याला हसू येतं. तो म्हणतो, "आपल्या गोफण्याचा पिक्चर निघालाय."

"ठावं हाय."

"कुणी सांगितलं?"

"तू घोरतोयस त्यात समदं ऐकू येतंय."

मशीन थांबतं. छापखान्याच्या दारातनं दोघं बाहेर पडतात आणि बाहेर रस्ता नाही, एस्टी स्टँड आहे. गाड्या उभ्या आहेत, पण एकाही गाडीच्या पाटीवर गावाचं नाव नाही. पाट्या कोऱ्या. कंडक्टर तोंडाशी हात धरून ओरडतोय आणि आवाज येत नाही. माणसं रांगेनं येतात, खिशातनं खडू काढतात, पाटीवर आपापलं गाव लिहितात आणि आत चढतात. एक म्हातारी टाचा उंचावून 'माहेर' असं लिहिते. गाडी लगेच सुटते.

"ही गाडी कुठं जाती?" तात्या विचारतो.

"तिला जायचंय तिथं," नेमू म्हणतो. "भडंग खाणार?"

लसणीच्या चिरमुऱ्यांची कागदी पुडी. तात्या हात मागं घेतो.

कारण आता ते रंकाळ्याच्या कठड्यावर बसलेत, पाय तळ्याकडं सोडून, आणि तात्याच्या मांडीवर दोन पुड्या आहेत. एकाच वर्तमानपत्राच्या, एकसारख्या वळलेल्या. चाळीस वर्षं ह्या दोन पुड्या त्याच्या मांडीवरनं हललेल्या नाहीत.

त्या वेळी काम कसं चालायचं, तर ईश्वरा चित्र काढायचा, आत कोरे फुगे सोडायचा. नेमू बारीक अक्षरात बोलणी लिहायचा आणि त्याच्या पट्ट्या कापून द्यायचा. त्या पट्ट्या ईश्वरा फुग्यांत चिकटवायचा, मग पान जायचं छापाचे ठसे करणाऱ्याकडं. पहिल्या पुस्तकाच्या वेळी बाकी सगळ्यांच्या पट्ट्या चिकटल्या होत्या. गोफण्याच्या तेवढ्या राहिल्या होत्या, वेगळ्या पुडीत.

"नेम्या," तात्या म्हणतो. "तुला एक सांगायचं ऱ्हायलंय."

"सांग की."

"त्या ठसेवाल्यानं पट्ट्या हरवल्या न्हवत्या. मी खोटं बोललो. मी हितं बसून भडंग खाल्लं, थोडं ऱ्हायलं ते परत वळून ठेवलं, आन तुझ्या पट्ट्यांची पुडी रिकामी समजून तळ्यात फेकली. ठसेवाल्याच्या दुकानात जाऊन सोडतोय तर आत काय? चिरमुरं!"

नेमू तळ्याकडं बघतो. "मग माशांनी वाचलं आसंल."

"चेष्टा नगं करू, मर्दा. जोतिबाच्या जत्रंत पुस्तक इकायचं, आन जत्रा चार दिसांवर आलेली. परत लिवायला येळ न्हवता, तसंच छापलं. तुझा गोफण्या तुझ्या तोंडचं बोलणार हुता आन मी त्याचं तोंड बुडवलं. वर नाव घेतलं त्या गरीब ठसेवाल्याचं."

"ठावं हाय."

"आँ?"

"त्याच दिशी कळलं. तुझ्या खिशाला लसणाचा वास मारत हुता, आन तू डोळ्याला डोळा दिना. मी संध्याकाळी ठसेवाल्याकडं जाऊन च्या पिऊन आलो. म्हटलं, बाबा, तुझी काय चूक न्हाई, पर तेवढं तुझ्या नावावर ऱ्हाऊ दे. तो म्हणला, ऱ्हाऊ द्या."

मरेपर्यंत हा माणूस त्याच्या घरी जेवला. मरेपर्यंत भडंगाची पुडी दिसली की नेमू म्हणायचा, "मला नगं बाबा, तूच खा," आणि गालातल्या गालात हसायचा.

"मग बोलला का न्हाईस रं?"

"तू शरमला असतास." नेमू कठड्यावर बोटानं एक रेघ ओढतो. "आन चित्र काढणारा शरमला की रेघ थरथरती. माझ्या लिवण्याचं काय, दुसरं लिवीन. तुझी रेघ मला परत कुठं गावणार हुती?"

तळ्याचं पाणी मागं सरकतं. पाणी जिथं होतं तिथं खुर्च्या आहेत, लाकडी, एकामागं एक. थेटर. पडद्यावर गोफण्या उभा आहे, चांगला तीन ताड उंच, आणि पडद्याला शिड्या लावल्यात. इस्त्रीच्या शर्टातली माणसं शिड्यांवर चढलीत. एकजण टेपानं दंड मोजतोय. एकजण मुंडासं सोडून केसांना चमक लावतोय. दोघं मिळून त्याच्या तोंडात मोठाल्या लोखंडी अक्षरांचं वाक्य कोंबतायत. गोफण्याचा जबडा दुखतोय. तो तात्याकडं बघतोय, मुकाट्यानं.

"तेच तर," तात्या घाईनं म्हणतो. "ऐक. ते त्याला बोलायला लावणारच हायती. मग त्यांचं कशाला? तुझंच घालू. तू त्या पट्ट्यांवर काय लिवलं हुतंस ते सांग. मी मॅडमला सांगतो, सही पायजे तर हे घाला. तुझं बोलणं तुला परत मिळंल. माझ्या जिवाचं वझं उतरंल. पहिल्या पानावर, पाटलाच्या वाड्याम्होरं, काय बोलतो गोफण्या?"

नेमू हसतो. तोंड उघडतो. बोलायला लागतो.

आणि त्याच्या तोंडातनं फुगा निघतो. पांढरा, गोल, कडेला तात्याच्याच हातची रेघ, आणि आत काहीच नाही. नेमू हातवारे करतोय, भुवया उडवतोय, रंगात आलाय. फुग्यावर फुगा निघतोय. सगळे कोरे.

"मोठ्यानं बोल की!" तात्या ओरडतो. "ऐकू येत न्हाई!"

पण मागनं ऐकू येतंय. मागच्या खुर्च्यांवर पोरं आहेत. थेटर पोरांनी भरलंय, शेंबडी, झिपरी, जत्रेतली. एक म्हणतं, "पाटील, माझी शेळी सोडा!" दुसरं म्हणतं, "ए पाटला, तुझ्या मिशीत उवा झाल्यात!" कोपऱ्यातली एक पोरगी हळूच म्हणते, "माझ्या बाला मारू नका." एवढंच म्हणते. शिडीवरच्या माणसांचे हात थांबतात. लोखंडी अक्षरं एकेक करून खाली पडतात, आणि पडताना त्यांचे चिरमुरे होतात.

नेमूचा शेवटचा फुगा विरतो. "ऐकलंस न्हवं?" तो म्हणतो. "त्या पोरीगत एक वाक्य मला जन्मात लिवता आलं नसतं. माझ्या पट्ट्यांवर काय हुतं सांगू? लई भिकार हुतं. नुसत्या फुशारक्या. बुडालं ते बरं झालं."

"खरं सांग. तुला कदी वाटलं न्हाई, त्याला बोलवावं?"

"वाटायचं की. दर पुस्तकाला वाटायचं. पहाटचं उठून लिवायचो, आन तू यायच्या आदी फाडायचो." नेमू सदऱ्याच्या खिशातनं पेन्सिलीचं थोटूक काढतो. "घे. म्हणत हुतो न्हवं टोक मोडलंय? वलं करून बघ."

तात्या पेन्सिल घेतो. त्याला उपकार मानायचे आहेत, पण आपल्यात तशी रीत नाही. मित्राला काय म्हणायचं, आभारी आहे? जोडा हाणील. तो नुसता पेन्सिल जिभेवर ठेवतो. कडू, ओळखीची चव. खट-कट. खट-कट.

"मामंजी, उठा की! मुंबईच्या बाई आल्यात."

पंखा वर आहे. सून उज्ज्वला दारात आहे. तिच्या मागं मॅडम, ईशिता तिचं नाव, गोरीपान, घामाघूम, पण वागायला लाघवी पोरगी. येऊन खुर्चीवर बसते, कागद बघते.

"तात्या, सही झाली का?"

तात्या उठून बसतो. तोंड धुवायला पण जात नाही. "नववं कलम काढा. गोफण्या बोलणार न्हाई."

"तात्या, अहो, मुका हिरो वरच्यांना चालणार नाही."

"मुका कोण म्हणलं? तोंड हलू दे की. हातवारे करू दे, भांडू दे. फकस्त आवाज बंद. थेटरातली पोरं बोलतील."

"आणि नाही बोलली तर?"

तात्या ट्रंकेतनं पहिलं पुस्तक काढतो. जत्रेतनं परत आलेली ही एकच कोरी प्रत. पहिलं पान उघडून तिच्यापुढं धरतो. पाटील चाबूक उगारून उभा, मध्ये गोफण्या, तोंड उघडं, फुगा कोरा. मागं कोपऱ्यात एक बांधलेली शेळी, एक वाकलेला म्हातारा आणि एक बाई.

मॅडम बघते. मग तिचे ओठ हलतात, तिच्या नकळत, अगदी बारीक. काय म्हणाली ते तात्याला ऐकू येत नाही. तो विचारत पण नाही. ज्याचं पुस्तक, त्याचा गोफण्या.

ती दचकून वर बघते, लाजल्यासारखी. कागद गोळा करते. "हे असेच नेते, सहीशिवाय. भांडून बघते वर. पण नाही म्हणाले तर, तात्या, पिक्चर गेला म्हणून समजा."

"जाऊ दे. सेहेचाळीस पुस्तकं हायती की."

ती चप्पल घालते आणि दारातच थांबते. "तात्या, काय खाल्लंत?"

उज्ज्वला पण वाकून बघते. "आगं बाई! मामंजी, जीभ बघू. जांभळं खाल्लीसा व्हय? माघात जांभळं कुठली?"

मॅडम गेल्यावर तात्या आत जातो, खिडकीतल्या आरशापुढं उभा राहतो आणि जीभ बाहेर काढतो. जांभळीगार. बोट लावतो, बोटाला पण लागते. घरात तसली पेन्सिल नाही. बाजारात मिळायची बंद होऊन जमाना झाला. जी शेवटची होती, ती ह्याच हातानं सरणावर ठेवलेली.

म्हातारा बाहेर बघतो, सून मोरीवर भांडी घासतेय. मग तो आरशाच्या अजून जवळ जातो. तोंड उघडतो. ओठ हलवतो, भुवया हलवतो, एक हात छातीवर ठेवतो. बराच वेळ बोलतो. आवाज काढत नाही.