गोमाकाकांचा दवाखाना

महापालिकेच्या टॅक्स खात्यात उभी नोकरी काढलेल्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते काउंटरवर येऊन उभे राहतात. मित्रांना सांगताना हसू येतं. घरी आल्यावर त्यातलाच एखादा सुपारी लागावी तसा घशात अडकतो.

हसण्याचा आधी सांगतो. डोंबिवलीतले एक रिटायर्ड मास्तर तक्रार घेऊन आले. शेजाऱ्याने गॅलरी बंद करून खोली केलीय, तरी टॅक्स जुनाच! आमचा इन्स्पेक्टर टेप घेऊन गेला. शेजाऱ्याचा टॅक्स वाढला आणि मास्तरांचाही, कारण गॅलरी त्यांनीही बंद केलेली. दुसऱ्या दिवशी मास्तर तणतणत आले, "मी शेजाऱ्याचं मोजायला सांगितलं होतं!"

*

गोमाकाका मानपाड्याकडचे आगरी शेतकरी. त्यांची बायको बाळंतपणासाठी कल्याणला नेताना वाटेतच गेली. गावात दवाखाना व्हावा, एवढाच मग त्यांना ध्यास. रस्त्यालगतची जागा महापालिकेला फुकट द्यायला आमच्या ऑफिसात आले, ते धोतराच्या सोग्यात तिथली माती बांधून. देणाऱ्याने घेणाऱ्याच्या हातावर माती ठेवायची, ही त्यांच्या घरची रीत. साहेबांच्या हातावर ढेकूळ ठेवून म्हणाले, "देली."

साहेब लगेच बेसिनकडे गेले. काका माझ्याकडे बघत राहिले. "धुवून टाकली? मंजी नको हाय का त्यांना?"

"नाही हो काका, घेतली," मी म्हटलं. त्या दिवशी मला तसंच वाटत होतं.

*

दानपत्र रीतसर झालं, पण टॅक्सच्या रेकॉर्डला नाव काकांचंच राहिलं. बिल दरवर्षी त्यांना जायचं आणि ते मुकाट भरायचे. मी म्हटलं, "काका, जागा आता तुमची नाही. अर्ज द्या, नाव काढायला लावतो."

"असू दे रं. पोरगी देली तरी सनाला काय तरी पाठवतावच ना."

*

साहेब बदलला की दवाखान्याची फाईल पुन्हा पहिल्या टेबलावर यायची. मधल्या काळात फेरीवाल्यांच्या जप्त केलेल्या हातगाड्या त्या जागेत आणून टाकल्या. काका बघून आले आणि म्हणाले, "पेशंटच्या आधी गाड्या आल्या. चांगलाच हाय."

ऑफिसात सगळे हसले. मला मात्र फार वाईट वाटलं, कारण काका थट्टा करत नव्हते.

*

पुढे काका थकले. तरी रोज त्या हातगाड्यांच्या शेजारी खाट टाकून बसायचे. अतिक्रमणवाल्यांनी पाहिलं आणि नोटीस काढली, महापालिकेच्या जागेत खाट टाकली म्हणून. ओळखीचा म्हणून समजावायला मलाच पाठवलं.

"काका, इथून उठावं लागेल."

काकांनी गोधडीची घडी घातली, खाट उभी केली.

"उठतो ना. पन साहेबांना सांग, इथं कोनाला तरी बसवा. बाया इचारत येतान, दवाखाना कवा उघडंल. त्यांना सांगाला कोन तरी पायजे."